‘श्यामची आई’ वाचून कुणी रडलं, कुणी चिडलं: आमच्या वाचन ग्रुपला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूर भागात एका घराच्या सोप्यात आम्ही वीस-बावीस जण रविवारी दुपारी जमतो, एक पुस्तक घेतो आणि पाळीपाळीने मोठ्याने वाचतो. बायका जास्त, पुरुष चार-पाच. खानापूरहून दोघी एसटीनं येतात, एक निपाणीची आहे, बाकी वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडच्या. गेल्या पावसाळ्यात ‘श्यामची आई’ घेतलं. मला वाटलं होतं सगळ्यांना आवडणार, यात भांडण कसलं होणार, खरं तर उलटंच झालं, कुठल्याच पुस्तकावर इतकी वादावादी झाली नव्हती. तेव्हापासून मला तेच तेच प्रश्न येतात, रात्री अकराला पण मेसेज येतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढते.

एवढं जुनं पुस्तक आत्ता कशाला घेतलं?

कारण सगळ्यांनी वाचलंय असं सगळेच म्हणतात आणि विचारायला गेलं तर बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा आठवतो, सिनेमातला रडायचा सीन आठवतो, आणि बस. पूर्ण ४२ रात्री (म्हणजे प्रकरणं) सलग वाचलेले आमच्यात तिघंच निघाले. त्यातल्या एका काकांनी चौथीत असताना वाचलेलं, म्हणजे पन्नास वर्षं झाली.

तुम्ही श्यामच्या आईला ‘तरुण आई’ का म्हणता? ती तर म्हातारी होती ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

श्याम म्हणजे हे पुस्तक लिहिणारे साने गुरुजी, पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव दापोली तालुक्यातलं पालगड. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. म्हणजे पोरगा अजून अठराचा पण नव्हता. पुस्तकात श्याम लहान आहे, त्याच्या पाठची भावंडं त्याहून लहान, मग ज्या बाईच्या पदराला एवढी बारकी पोरं लटकलेली आहेत ती म्हातारी कशी असेल? आपण तिला म्हातारी करून टाकलंय कारण आपण सगळे ते पुस्तक श्यामच्या जागेवर बसून वाचतो, आणि पोराला आपली आई नेहमी मोठीच दिसते.

आमच्या ग्रुपमध्ये खानापूरची एक आहे, सव्वीस वर्षांची, तिचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं. दुसऱ्याच रविवारी ती म्हणाली, “काकू, मी हे श्यामसारखं वाचूच शकत नाहीये, मला सारखं वाटतंय हिनं आज जेवण केलं की नाही.” त्या दिवसापासून आमचं वाचन बदललं. अर्धे लोक श्याम होऊन वाचायचे आणि अर्ध्या जणी ती आई होऊन वाचायच्या आणि दोघांना एकाच पानावर वेगळंच काहीतरी दिसायचं.

ही कादंबरी आहे की आत्मचरित्र?

दोन्हीच्या मधलं. गोष्टी स्वतःच्या आईच्या आहेत, पण मांडणी कादंबरीची, म्हणजे आश्रमात श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना ‘रात्री’ म्हटलंय. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेपर्यंत बराचसा भाग लिहून झाला. पाच दिवस. पुस्तक छापून आलं १९३५ ला. लिहिताना आई जाऊन पंधरा वर्षं झालेली आणि मुलगा कोठडीत बसून तिला आठवतोय, हे मनात ठेवून वाचलं की त्यातला अतिगोडवा जरा वेगळा लागतो. ज्याला आईच्या मरणाला वेळेवर पोचता आलं नाही त्यानं लिहिलंय ते, तो तिच्यातले दोष मोजत बसेल कशाला.

खरंच एवढं रडायला येतं का, की रडायचं असतं म्हणून रडतात?

येतं. निदान आमच्याकडे आलं. ज्यांना नाही आलं त्यांचं पण खोटं नव्हतं.

टिळकवाडीच्या एका शिक्षिकेनं स्पष्ट सांगितलं की मला हे पुस्तक सतत हात धरून रडायला नेतंय असं वाटतं, प्रत्येक रात्रीच्या शेवटी उपदेश येतो, मी कंटाळले. त्यावर दोन काकू रागावल्या. मी त्या शिक्षिकेच्या बाजूनं बोलले कारण गुरुजींनी स्वतः प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की हे त्यांनी भरल्या डोळ्यांनी लिहिलं, म्हणजे ओलावा ठरवूनच आहे, आणि प्रत्येकाला तेवढा ओलावा झेपतो असं नाही. पुस्तकाबद्दल प्रेम असणं आणि त्यातला उपदेश जड होणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. माझ्यात आहेत.

अळणी भाजीवरून भांडण झालं म्हणे, ते काय होतं?

हो, हे जरा नीट सांगते कारण याचं अर्धवटच ऐकून लोक विचारतात.

गोष्ट माहितीच असेल. आई रताळ्याच्या पाल्याची भाजी करते, मीठ घालायला विसरते, वडील काही बोलत नाहीत, गपचूप जेवतात, पोरं पण तशीच. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं की भाजीत मीठच नाही, आणि तिला फार वाईट वाटतं की आपण असं अळणी वाढलं आणि कुणी सांगितलं पण नाही. आम्ही शाळेत याचा अर्थ शिकलो तो असा की दुसऱ्याचं मन दुखवू नये, वडील किती समजूतदार. वडगावच्या काकांनी पण तोच अर्थ सांगितला, छान सांगितला, आणि त्यांचा आवाज जरा भरून आला होता कारण त्यांचे वडील असेच होते.

तेवढ्यात ती निपाणीची बोलली. ती विड्या वळते, सूप मांडीवर घेऊन, हजार विड्यांमागे मजुरी, घरात दोन पोरं, सासू. ती म्हणाली, “सगळं बरोबर आहे, खरं तिला शेवटी का कळलं? ती शेवटी जेवली म्हणून शेवटी कळलं. आधी बसली असती तर पहिल्याच घासाला कळलं असतं.”

सोप्यात एकदम शांत झालं. मी हे पुस्तक किती वेळा वाचलंय, माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि मजा बघा, ती काही पुस्तकावर चिडलेली नव्हती, तिला ती गोष्ट सगळ्यात आवडलेली. ती म्हणाली मला ते घर दिसलं, ते ताट दिसलं, तळाला उरलेली भाजी दिसली. काका म्हणाले मी आजपर्यंत असा विचारच केला नव्हता, आणि मग त्यांनी घरी जाऊन काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं पण नाही.

बाकीच्यांनी नंतर ग्रुपवर ते “निपाणीच्या बाईनं श्यामच्या आईला नावं ठेवली” असं फिरवलं. तसं झालेलं नाही. कृपा करून तसं पुढे पाठवू नका.

ती पोराला मारते. आजच्या मुलांपुढे हे वाचावं का?

पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीनं मारते आणि विहिरीवर पाठवते, कारण माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला चालत नाही. नंतर पाठीवरचे वळ बघून तिच्याच डोळ्यात पाणी येतं.

आमच्यातल्या तरुण आयांपैकी बहुतेकींनी सांगितलं की हे पोरांना वाचून दाखवताना आम्ही थांबतो. एकीनं तर तो भाग गाळला. मी गाळू नका म्हणते. पोराला वाचून दाखवा आणि विचारा तुला काय वाटलं, माझ्या नातवाला विचारलं तर तो म्हणाला “तिनं स्वतः पाण्यात उतरून हात धरायला पाहिजे होता.” सात वर्षांचा आहे. मारणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या बाईवर गाव काय म्हणेल याचं किती ओझं होतं ते त्या एका माराच्या मागे दिसतं, आणि ते ओझं आजच्या आयांवरचं पण गेलेलं नाही, फक्त विहिरीच्या जागी पर्सेंटेज आलंय.

मोळीच्या गोष्टीवर तुमच्यात काय बोलणं झालं?

हे लिहायला मला जड जातंय पण विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला हवं.

‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत महार समाजातल्या एका म्हातारीच्या डोक्यावरून लाकडाची मोळी खाली पडते आणि तिला कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते जा, तिला मोळी उचलून दे. आणि हेही सांगते की मग घरी येऊन आंघोळ कर. आमच्या ग्रुपमधले एक दादा, आंबेडकरी चळवळीत वाढलेले, ते म्हणाले की शाळेत मला या धड्याला सगळा वर्ग टाळ्या वाजवताना बघावं लागलं आणि मी त्या आंघोळीवर अडकून बसलेलो. मोळी उचलून दिली त्याबद्दल आभार मानायचे, की आंघोळ करायला लागते त्याबद्दल गप्प बसायचं, तेच मला कळेना.

काही जणांनी ‘त्या काळात’ असं सुरू केलं. काळाचं खरंय, त्या आईनं तेवढं केलं हे पण त्या गावात धाडसच. पण ‘त्या काळात’ म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, म्हणून आम्ही ठरवलं की त्या रविवारी हा शब्द कुणी वापरायचा नाही. मग मी गुरुजींचं पुढचं सांगितलं. याच मुलानं मोठेपणी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं आणि देऊळ उघडायला लावलं. आईनं जिथं आंघोळ सांगितली त्याच्या पुढं मुलगा गेला. दादा म्हणाले हे मला माहितीय, आणि म्हणूनच मी हे पुस्तक टाकून दिलेलं नाही, पण धडा शिकवताना पंढरपूर कधीच कुणी शिकवलं नाही.

त्यांचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं. शाळेत शिकवणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर मोळीच्या धड्याला पंढरपूर जोडून शिकवा.

असली ‘आदर्श आई’ दाखवून आजच्या मुलींना अपराधी वाटायला लावता, असा आरोप आहे. खरं आहे का?

पुस्तकानं नाही लावत, आपण लावतो. लग्नात, बारशाला, मातृदिनाला भाषणात श्यामच्या आईचं नाव घेऊन समोरच्या सुनेला टोमणा मारणारे लोक मी स्वतः बघितलेत. माझ्या पहिल्या बाळंतपणात मला दूध कमी येत होतं, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं झालं, आणि बघायला आलेल्या नात्यातल्या एका बाईनं “श्यामची आई काय बाटली लावायची का” असं म्हटलेलं. तीस वर्षं झाली. मला अजून त्या खोलीतला धुरीचा वास आठवतो.

पण पुस्तक उघडून बघा ना. त्यातली बाई थकलेली आहे. तिला सारखा ताप येतो आणि तापात पण ती कामाला उठते. घरात पैसा नाही म्हणून दुसऱ्यांकडचं काम करायला लागते. नवरा जमीन विकून कर्ज फेडत नाही म्हणून ती त्याच्याशी वाद घालते, सावकाराचा माणूस घरात येऊन नको ते बोलतो तेव्हा त्याला तोंडावर सुनावते. भाऊबीजेचे पैसे स्वतःला न ठेवता त्यातून नवऱ्याला धोतर आणते. यातलं काहीच ‘आदर्श’ म्हणून भिंतीवर लावायचं नाहीये, हे एका बाईचं झिजत जाणं आहे आणि मुलानं ते पाहून ठेवलंय. भाषणवाल्यांनी त्यातली माया तेवढी उचलली आणि ताप, कर्ज, काम सोडून दिलं.

खानापूरची ती म्हणाली की मला हे वाचून अपराधी नाही वाटलं, उलट सोबत वाटली. आणि दुसरी एक, तिचं बाळ वर्षाचं, ती बरोबर उलटं म्हणाली, मला पंधरावी रात्र होईपर्यंत इतकं दडपण आलं की मी बंद केलं, पुढं वाचणार नाही. आम्ही तिला आग्रह केला नाही. तिला नको असेल तर नको.

पुरुष वाचकांचं काय म्हणणं?

पुरुष सगळ्यात जास्त रडले. शेवटच्या रात्रींना वडगावच्या काकांना वाचता येईना, पुस्तक माझ्याकडे दिलं. पण ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाची रात्र आहे, त्यात आई आजारी आणि श्याम घरातली बायकांची समजली जाणारी कामं करतो, त्यावर पुरुषांकडून फार काही आलं नाही. चटकन पुढं गेले. मला वाटतं पुस्तकातली सगळ्यात नवी रात्र तीच आहे.

सिनेमा बघितला तर चालेल का?

बघा, पण पुस्तकाच्या ऐवजी नको. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, वनमाला बाईंनी आई केलेली, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट तो. सिनेमात आईचा चेहरा इतका ठसतो की नंतर पुस्तकात दुसरी बाई दिसतच नाही, म्हणून आधी वाचा.

आपल्या बेळगावकडच्या माणसाला कोकणातली भाषा कळते का?

खानापूरकडच्यांना जास्त. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस, भातशेती, पडवी, लाल माती, त्यांना पालगड काही परकं वाटलं नाही. निपाणी, चिकोडीकडं कोरडं, तंबाखूचं रान, त्यांना काही शब्द विचारायला लागले. आम्ही अडलं की थांबतो, ज्याला माहितीय तो सांगतो.

भाषेवरून अजून एक. आमच्या इथं ‘आई’ म्हटलं की लोकांना लगेच मायबोली आठवते, १९४६ ला बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १९५६ ला आम्ही इकडं, म्हणजे आताच्या कर्नाटकात, राहिलो, घराघरात ते बोलणं आहे. त्यामुळे या पुस्तकाला आमच्याकडे जरा जास्तच ओलं होऊन वाचतात. एका काकूंनी सांगितलं की मुलगा कन्नड माध्यमात, नातू इंग्रजीत, घरात मराठी वाचणारी मी शेवटची, म्हणून मला हे पुस्तक वाईट आहे असं कुणी म्हटलं की सहन होत नाही. त्यांच्यापुढे मी वाद घालत नाही. तरी एवढं म्हणते की सुनेला पुस्तक खटकलं तर ती मराठीवर रागावलेली नसते.

कुठली प्रत घ्यावी? मुलं देवनागरी हळू वाचतात, काय करू?

गुरुजी ११ जून १९५० ला गेले, साठ वर्षं उलटली, त्यामुळे आता हक्क खुले आहेत आणि कुणीही छापतं, स्वस्तात मिळतं, इंटरनेटवर फुकट पण आहे. घेताना शेवटची रात्र बेचाळिसावी आहे का तेवढं बघा कारण ‘मुलांसाठी संक्षिप्त’ म्हणून पुष्कळ कापलेल्या प्रती असतात. इंग्रजीत हवं असेल तर शांता गोखल्यांचं भाषांतर आहे. पण मुलांना वाचून दाखवा हो, रोज एक रात्र, वाचायची सक्ती करू नका.

हे झाल्यावर काय वाचायचं?

इंदिरा संतांच्या कविता. लांब जायला नको, बाई आपल्या बेळगावच्याच, इथंच शिकवलं, इथंच राहिल्या. १९४६ ला पती ना. मा. संत गेले तेव्हा पदरात तीन लहान मुलं होती. ‘शेला’ १९५१ चा, त्यानंतर ‘मेंदी’, ‘मृगजळ’, आणि ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी. श्यामच्या आईचं आपल्याला मुलाच्या तोंडून कळतं, ती स्वतः काय म्हणाली असती ते कुठंच नाही. इथं एक तरुण आई स्वतः लिहिते आणि त्यात उपदेश नाही, एकटेपण आहे. ज्या शिक्षिकेला ‘श्यामची आई’ जड झालं होतं तिनंच हे सुचवलं. आणि त्या तीन मुलांतले एक म्हणजे लंपनच्या गोष्टी लिहिणारे प्रकाश नारायण संत, ‘वनवास’पासून सुरू करा, आपलं बोलणं जसंच्या तसं आहे त्यात.

नावं नोंदवायला लागतात का? पुस्तक आवडलं नसेल तरी आलं तर चालेल?

नोंदणी नाही, फी नाही. आवडलं नसेल तर मुद्दाम या.

लहान बाळ घेऊन आलं तर चालेल का?

चालेल. सोप्याच्या तुळईला कडी आहे, साडीची झोळी बांधतो. ती खानापूरची तशीच यायची, एक पाय झोळीच्या दोरीला आणि हातात पुस्तक. शेवटच्या रविवारी ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ वाचायची पाळी तिची होती, दोन पानं झाली आणि बाळ उठलं, रडायला लागलं. काकांनी पुस्तकासाठी हात पुढं केला. ती म्हणाली थांबा, मलाच वाचायचंय, पदराखाली घेते. वीसेक मिनिटं आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, बाहेर पाऊस होता, कुणीतरी चहा टाकला, आणि पहिला कप तिला दिला.